शंभूची टोपी, मारिओची गर्दी

१९८०च्या दशकात महाराष्ट्रात मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकातला एखादा धडा आठवतो का, असं विचारून बघा. धडा बहुधा आठवत नाही, चित्र आठवतं. वाटोळे डोळे, पुढे आलेलं टोकदार नाक, ठिपक्याठिपक्यांचे कपडे, आणि धड्याशी काडीचा संबंध नसलेला एखादा कुत्रा कोपऱ्यात. ती चित्रं मारिओ मिरांडा यांची. गणिताच्या पुस्तकातली नेटकी, भोळसट चेहऱ्यांची माणसं शि. द. फडणीसांची. बालभारती पुण्यात स्थापन झाली १९६७ साली. पुढच्या काही वर्षांत तिच्या पुस्तकांसाठी या दोघांनी चित्रं काढली आणि ती जिथे जिथे जिल्हा परिषदेची शाळा होती तिथे पोचली. मळवली स्टेशनावर उतरून भाजे गाव मागे टाकायचं, चढ चढून गायमुख खिंड गाठायची, मग लोहगड आणि विसापूरच्या मध्ये वसलेली लोहगडवाडी लागते. अशा वाडीवर आर्ट गॅलरी कुठून येणार? पण देशातले दोन अव्वल चित्रकार तिथल्या पोरांच्या दप्तरात होते, तेही शाळेच्या पुस्तकाच्या किमतीत.

अशा दप्तरातून चित्रकलेचा नाद लागतो. मग एलिमेंटरी, इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा होतात, दहावीला त्यांचे वाढीव गुण पडतात, आणि एखादी मुलगी किंवा मुलगा ‘मला कॅरेक्टर आर्टिस्ट व्हायचंय’ म्हणून पुण्याच्या नाहीतर मुंबईच्या उपयोजित कलेच्या वर्गात जाऊन बसतो. तिथे पहिल्या-दुसऱ्या वर्षातच एक काम अंगावर येतं : एखादा व्यावसायिक चित्रकार निवडा, त्याच्या शैलीचा आणि कारकिर्दीचा अभ्यास करा. बहुतेकांच्या वह्या एकाच पद्धतीने भरतात. सुरुवातीला जन्म, शिक्षण, पुरस्कार. मग चारदोन चित्रांच्या नकला. शेवटी ‘रेषेवर प्रभुत्व’, ‘सूक्ष्म निरीक्षण’ असे शब्द. शैली एका पानावर, कारकीर्द दुसऱ्या पानावर, आणि दोन पानं एकमेकांशी बोलत नाहीत.

माझं म्हणणं असं की ही पानं वेगळी करताच येत नाहीत. पात्रं रंगवणाऱ्या चित्रकाराची शैली बरीचशी त्याच्या रोजगारातून घडते. पैसे कोण देतं, चित्र किती इंचांत छापायचं, कागद कसला, काम कधी द्यायचं आणि तोच चेहरा पुन्हा किती वेळा काढायचा, या प्रश्नांना हाताने शोधलेली उत्तरं म्हणजे शैली.

शिकारी शंभूची टोपी घ्या. ‘टिंकल’ सुरू झालं १९८० साली. १९८३मध्ये त्यात हा भित्रा शिकारी आला. कल्पना लुई फर्नांडिस यांची, चित्रं वसंत हळबे यांची. शंभूला डोळे आहेत की नाहीत हे वाचकाला कळत नाही. शिकाऱ्याची ती टोपी थेट नाकापर्यंत उतरलेली, खाली झुपकेदार मिशी. चित्रकाराला विचाराल तर चेहऱ्यातला सगळ्यात दगाबाज भाग म्हणजे डोळे. बुबुळ केसभर सरकलं तरी माणूस बदलतो. दर अंकात, दर चौकटीत तोच माणूस वाटायला हवा असेल तर डोळे टोपीखाली जाणं ही मोठीच सोय. पण गंमत सोयीपुरती थांबत नाही. शंभूची भीती त्याला स्वतःला ठाऊक आहे, वाचकाला ठाऊक आहे, गोष्टीतल्या बाकीच्यांना नाही. डोळे दिसले असते तर भीती सगळ्यांना दिसली असती आणि गोष्टच कोसळली असती. टोपी आहे म्हणून गावकऱ्यांना तो शूर वाटतो. एका वस्तूने चित्रकाराचं काम हलकं केलं आणि लेखकाचं कथानक सावरलं. पुढे हे पात्र सॅव्हिओ मस्करेन्यस यांच्याकडे आलं. चित्रकार बदलला, टोपी तशीच राहिली. विद्यार्थ्याने वहीत ‘टोपी आणि मिशी ही वैशिष्ट्ये’ एवढंच लिहिलं तर हातात काही लागत नाही. ती टोपी काय काय काम करते हे लिहिलं तर पुढच्या पात्रासाठी एक हत्यार मिळतं.

आता मारिओ. मारिओचा अभ्यास करायला घेणारे विद्यार्थी अनेक, आणि जवळजवळ सगळेच नाकापासून सुरू करतात. सुरुवात डायरीपासून करायला हवी.

मारिओंचा जन्म २ मे १९२६चा, दमणमधला. बालपण गोव्यात लोटली गावच्या वडिलोपार्जित घरात. (श्याम बेनेगलांचा ‘त्रिकाल’ ज्या घरात चित्रित झाला ते हेच.) पोरगा भिंती रंगवतो म्हणून आईने कोरी वही आणून दिली. त्या वहीची डायरी झाली. डायरीत लिहायच्या ऐवजी तो दिवस काढायचा : कोण भेटलं, कोण भांडलं, जेवायला काय होतं, पाद्री कसा चालतो. शाळेत पाद्र्यांची चित्रं काढल्याबद्दल बोलणीही खाल्ली. पुढे मुंबईत सेंट झेवियर्समध्ये इतिहास विषय घेऊन बी.ए. केलं. घरच्यांच्या आग्रहाखातर आर्किटेक्चरला जाऊन पाहिलं, तिथे मन रमलं नाही. म्हणजे चित्रकलेचं रीतसर शिक्षण शून्य, पण १९४९, १९५० आणि १९५१ या वर्षांच्या डायऱ्या आता पुस्तकरूपात आहेत त्या उघडून पाहाव्यात. पंचविशीच्या आसपासच्या एका तरुणाने रोज, कुणी मागितलं नसताना, गिऱ्हाईक नसताना, माणसं काढलेली आहेत. गोव्यातल्या वाढदिवसाच्या मेजवान्या, गावातल्या म्हाताऱ्या, मुंबईतली लोकल, खोलीवरचे मित्र. रेषा अजून कच्ची आहे. माणसांचा साठा मात्र पक्का होत चालला आहे.

मित्रांना थोड्याशा पैशांत पोस्टकार्डावर चित्रं काढून देणं ही पहिली कमाई. मग जाहिरात कंपनीत चारेक वर्षं. मग ‘इलस्ट्रेटेड वीकली’त चित्रं छापून आली, ‘करंट’ साप्ताहिकाने काम दिलं, आणि तिथून टाइम्स समूह. इथे विद्यार्थ्याने थांबून आजूबाजूला बघावं. टाइम्समध्ये आर. के. लक्ष्मण होते. राजकीय व्यंगचित्राची जागा त्यांनी अशी काही व्यापली होती की तिथे दुसऱ्याला वाव कमीच. मारिओ राजकारणात फारसे रमलेही नाहीत. त्यांच्या वाट्याला आली ती माणसांची बाजू : पार्ट्या, कचेऱ्या, सिनेमा, रस्ते. त्यातून ती प्रसिद्ध मंडळी जन्मली. कचेरीतला बॉस, त्याच्या हाताखालचा गोडबोले, टायपिस्ट मिस फोन्सेका, सिनेनटी मिस रजनी निंबूपानी, पुढारी बंडलदास. या नावांतच अर्धं काम झालेलं आहे. गोडबोले हे आडनाव ऐकल्यावर मराठी वाचकाला त्याच्या डब्यात काय असेल तेही कळतं.

मिस फोन्सेकाचा ठिपक्यांचा झगा जवळून बघण्यासारखा आहे. त्या काळातलं वृत्तपत्र म्हणजे खरखरीत कागद आणि रेषाचित्रासाठी जस्ताचा ठसा, ज्याला छापखान्यात ‘लाइन ब्लॉक’ म्हणत. या ठशाला दोनच गोष्टी कळतात, काळं आणि पांढरं. राखाडी रंग त्याला ठाऊक नाही. फोटोसाठी बारीक ठिपक्यांचा वेगळा ‘हाफटोन’ ब्लॉक करत, पण स्वस्त कागदावर शाई पसरून त्याचा चिखल व्हायचा. चित्रकाराला राखाडी हवा असेल तर तो हातानेच तयार करावा लागे : रेघांची जाळी, चौकटी, पट्टे, ठिपके. मारिओंच्या चित्रात फरशीवर चौकडा, खिडकीला गजांची नक्षी, शर्टावर फुलं, झग्यावर ठिपके का असतात, याचं माझ्या लेखी हे मोठं कारण. झग्यावरचे ठिपके त्या बाईला दुरूनही ओळखू आणतात, आणि दोन बोटं रुंदीच्या चौकटीत काळ्या सुटातला बॉस, पांढऱ्या शर्टातला गोडबोले आणि करड्या छटेतली फोन्सेका अशा तीन छटा मिळवून देतात. आज आयपॅडवर चित्र काढणाऱ्याला राखाडी फुकट मिळतो. तरी तो ठिपके काढतो, कारण मारिओ काढायचे. हरकत नाही, फक्त ते कशाचं उत्तर होतं ते माहीत असावं.

मारिओंनाही एक गुरू होता, तोही लांबचा. इंग्लंडचे रोनाल्ड सर्ल. दुसऱ्या महायुद्धात सर्ल सिंगापूरला जपान्यांच्या कैदेत सापडले, सयाम-ब्रह्मदेश रेल्वेच्या वेठबिगारीला जुंपले गेले आणि छावण्यांतल्या मरणाची चित्रं चोरून काढत राहिले. पटकीच्या रोग्यांच्या अंथरुणाखाली ती लपवली, कारण पहारेकरी तिथे हात घालत नसत. सुटून आल्यावर याच माणसाने सेंट ट्रिनियन्स शाळेतल्या द्वाड मुली काढून अख्ख्या इंग्लंडला हसवलं. त्यांची रेषा काटेरी. ती थरथरते, अडते, शाईचा डाग सांडते, काडीसारख्या पायांवर मोठी धडं तोलून धरते. मारिओंच्या सुरुवातीच्या कामाशेजारी सर्लची चित्रं ठेवली की नातं लपत नाही.

गुलबेंकियन प्रतिष्ठानच्या शिष्यवृत्तीवर मारिओ लिस्बनला गेले, तिथून लंडनला, आणि तिथे पाचेक वर्षं राहिले. मासिकांत चित्रं छापली, टेलिव्हिजनसाठी काम केलं. सर्लना भेटले. परत आले तेव्हा हातात सर्ल होते, पण चित्रातली माणसं गोव्याची आणि मुंबईची होती, आणि हळूहळू माणसांनी रेषेला आपल्याकडे वळवून घेतलं. सर्लच्या जगात एक कडवटपणा आहे, ज्याने छावणी पाहिली त्याचा. मारिओंच्या चित्रात मेजवानीला सगळ्यांना बोलावलेलं असतं, अगदी कावळ्यालाही. काटे बोथट होत गेले, रेषा सावरली, घरं पट्टीने आखल्यासारखी सरळ झाली आणि त्यांच्यासमोर माणसं वाकडीतिकडी. सर्ल लावायचे तसे डाग मारिओंच्या पक्व चित्रांत शोधावे लागतात. नक्कल करत करत नकलेतून बाहेर पडण्याचं इतकं स्वच्छ उदाहरण आपल्याकडे दुसरं मला सुचत नाही. ११ डिसेंबर २०११ रोजी मारिओ लोटलीला गेले, ३० डिसेंबर २०११ला सर्ल फ्रान्समध्ये.

१९७४मध्ये अमेरिकन सरकारच्या माहिती खात्याच्या निमंत्रणावरून मारिओ तिकडे गेले आणि ‘पीनट्स’वाल्या चार्ल्स शुल्झना भेटले. पद्मश्री, पद्मभूषण आणि मरणोत्तर पद्मविभूषण, हे सगळं वहीत एका ओळीत मावतं. त्याऐवजी कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारमध्ये भिंतीकडे तोंड करून तासभर बसावं. तिथलं भित्तिचित्र बघताना गर्दी रचायची युक्ती उलगडते. चित्रात खंडीभर माणसं आहेत, पण दोघंजण एकच काम करत नाहीत. प्रत्येकाचं काहीतरी चालू आहे आणि बहुतेक जण दुसऱ्या कुणाकडे तरी बघताहेत. त्या नजरांच्या रेषेवरून बघणाऱ्याचा डोळा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातो. प्रमुख पात्र नाही, कोपरा रिकामा नाही, तरी गोंधळ नाही.

ही युक्ती आपल्या हाताला बसली का, हे तपासायला मारिओंची गर्दी पुन्हा काढून उपयोग नाही. त्यांनी न काढलेली गर्दी काढावी लागते. पावसाळ्यातल्या रविवारची लोहगडवाडी त्यासाठी नामी जागा. एरवी निवांत असणाऱ्या या वाडीत त्या दिवशी गाड्या शिरतात, आणि पायऱ्यांवर लोक तास-तास अडकून पडल्याच्या बातम्या छापून येतात. जुलै २०२५मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत लोहगडही आहे, त्यामुळे ही गर्दी हटायची नाही.

गणेश दरवाजाच्या अलीकडे आडोशाला उभं राहायचं आणि मारिओंच्या डोळ्यांनी बघायचं. दगडी तटबंदी आणि दरवाजा सरळ रेषेत. त्यावर माणसांचा वाकडातिकडा ओघ. फाटक्या प्लास्टिकच्या रेनकोटात कुडकुडणारा कॉलेजचा कंपू. चपला हातात घेतलेला जावई आणि ‘तरी म्हणत होते’ असा चेहरा केलेल्या सासूबाई. सेल्फीसाठी कठड्याकडे सरकणारा एक आणि त्याच्या कॉलरला धरलेला दुसरा. ‘फोर्ट’ म्हणत इतिहास सांगणारा, आणि त्याचं न ऐकता कणसाकडे बघणारी मुलगी. मीठ-तिखट लावलेल्या काकड्यांची पाटी घेऊन बसलेली वाडीतली बाई. तिचं या गर्दीवर बारीक लक्ष आहे आणि तिच्याकडे कुणाचं नाही. मध्येच माकड, मारिओंच्या कुत्र्याच्या जागी. काढायला बसलं की लगेच कळतं की मारिओंचे वाटोळे डोळे इथे चालत नाहीत. पावसात माणसं डोळे बारीक करतात. रुमाल, टोपी, हुड यांनी कपाळ झाकलेलं असतं. म्हणजे चेहऱ्यावरचा भाव डोळ्यांतून निघून खांद्यांत आणि गुडघ्यांत शिरलेला असतो. मारिओ इथे अपुरे पडतात. हळबे इथे आले असते तर मात्र चपखल बसले असते. सगळ्यांनाच शंभूची टोपी.

गर्दीच्या पलीकडे खाचरात भाताची लावणी चालू असते. पूर्वी लावणीला इरलं घेत : बांबूच्या काड्यांचा सांगाडा, त्यावर पानांचं छप्पर, डोक्यावरून पाठीपर्यंत उतरलेलं. आता त्याच्या जागी बहुतेक प्लास्टिकचा कागद असतो, पण आकार साधारण तोच पडतो. पात्रं घडवणारे चित्रकार एक चाचणी घेतात. चित्रातली माणसं नुसती काळ्या शाईने भरून टाकायची. आतला तपशील गेला तरी प्रत्येक जण ओळखू आला पाहिजे. इरलं घेऊन वाकलेली बाई या चाचणीत पहिल्या फटक्यात पास होते. दहा ट्रेकर एकाच कंपनीच्या सॅका लावून उभे असले की दहाच्या दहा नापास. त्यांना वेगळं करायचं तर एकाला लांब मान, दुसऱ्याला आखूड पाय, तिसऱ्याला पुढे आलेलं पोट द्यावं लागतं. अतिशयोक्तीची गरज इथून सुरू होते, चेष्टेतून नव्हे.

आणि अतिशयोक्ती शिकायला लोहगडवाडीच्या विद्यार्थ्याने मुंबईला जायचंही कारण नाही. उतारावर भाज्याची लेणी आहेत, दोन हजार वर्षांहून जुनी. दक्षिणेकडच्या छोट्या विहाराच्या ओसरीत दाराच्या एका बाजूला रथातली स्वारी, दुसऱ्या बाजूला हत्तीवरची स्वारी कोरलेली आहे. अभ्यासक त्यांना बहुधा सूर्य आणि इंद्र मानतात. हत्ती एवढा प्रचंड की सोंडेत झाड उपटून धरलेलं, आणि पायाशी माणसं मुठीएवढी. प्रमाण चुकलेलं नाही. मोठेपणा दाखवायचा म्हणून कारागिराने ते मोडलं आहे. जवळच एक बाई वाद्यं वाजवते आणि दुसरी नाचते. दोघींच्या कमरेच्या वळणांत इतका फरक आहे की काळ्या शाईने भरल्या तरी कोण नाचते ते कळेल. या कारागिरांची नावं कुणाला ठाऊक नाहीत. दानशूर माणसांची मात्र लेण्यांत कोरलेली आहेत. पैसे कोण देतं हा प्रश्न तेव्हाही होताच.

मारिओंची गर्दी पचली की शि. द. फडणीसांकडे वळावं, कारण ते नेमक्या उलट्या टोकाला उभे आहेत. त्यांचा जन्म २९ जुलै १९२५चा, बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावचा. कोल्हापुरात शाळा, मुंबईत जे. जे.मध्ये कमर्शियल आर्ट, आणि मग मुक्काम पुण्यात. ‘हंस’, ‘मोहिनी’, ‘नवल’चे संपादक अनंत अंतरकर यांनी त्यांना मुखपृष्ठाची जागा दिली. मुखपृष्ठ रंगीत असतं, स्टॉलवर दोरीला टांगलेलं असतं आणि जाणाऱ्या-येणाऱ्याने दोन सेकंदांत ते ओळखायला हवं. दोन सेकंदांत संवाद वाचून होत नाही. फडणीसांच्या चित्रांना शब्द नसतात त्याचं मूळ मला या दोरीवर दिसतं. ‘मोहिनी’च्या पन्नासच्या दशकातल्या एका मुखपृष्ठावर बसथांब्यापाशी एक तरुण आणि एक तरुणी उभे आहेत. त्याच्या शर्टावर मांजरं, तिच्या कपड्यांवर उंदीर. झालं चित्र. मारिओंनी तिथे कंडक्टर, भिकारी, दोन कुत्रे आणि खिडकीतली म्हातारी घातली असती. फडणीसांनी रस्ताच रिकामा केला, कारण एक जरी जास्तीचा माणूस आला असता तर शर्टाकडे लक्ष गेलं नसतं.

फडणीसांच्या माणसांची आणखी एक खोड आहे. ती हसत नाहीत. अत्यंत अतर्क्य गोष्ट ती दूध आणायला निघाल्यासारख्या गंभीर चेहऱ्याने करत असतात. त्यामुळे हसायचं काम पूर्णपणे बघणाऱ्यावर येतं. याच गुणामुळे ते गणिताच्या पुस्तकात चालले, असा माझा तर्क. बेरजेच्या पानावर चित्रातली माणसं स्वतःच दात काढू लागली तर पोरं बेरीज सोडून त्यांच्याकडेच बघत बसतील. साठच्या दशकात त्यांनी ‘हसरी गॅलरी’ म्हणून प्रदर्शनं भरवायला सुरुवात केली, पुढे ‘चित्रहास’ नावाने मंचावर प्रात्यक्षिकं केली. म्हणजे एकाच चित्राला त्यांनी मासिकाबाहेर दुसरं आणि तिसरं गिऱ्हाईक शोधलं. कारकीर्द म्हणतात ती ही.

कारकिर्दीचे रस्ते किती निरनिराळे असू शकतात हे पाहायचं तर वसंत सरवटे. कोल्हापूरचे, शिक्षणाने स्थापत्य अभियंते, नोकरी एसीसी या सिमेंट कंपनीत, आणि चित्रं नोकरी सांभाळून. पगार सिमेंटचा असल्यामुळे संपादकाला नाही म्हणायची मुभा त्यांना होती. विंदा करंदीकरांच्या बालकवितांना, पु. लं.च्या लेखनाला आणि ‘ललित’च्या मुखपृष्ठांना त्यांनी जो प्रयोगशील हात दिला त्यात या मुभेचा वाटा मोठा असणार. शिवाय ते स्वतः कसलेले विद्यार्थी. परदेशी व्यंगचित्रकारांचा अभ्यास करून त्यांनी ‘परकी चलन’ हे पुस्तक लिहिलं. कलेच्या विद्यार्थ्याने ‘चित्रकाराचा अभ्यास’ कसा लिहायचा याचा मराठीत नमुना हवा असेल तर तो इथे आहे.

उलट, चारुहास पंडितांना अशी मुभा नव्हती. प्रभाकर वाडेकरांबरोबर त्यांनी ‘चिंटू’ २१ नोव्हेंबर १९९१ला ‘सकाळ’मध्ये सुरू केला आणि तो रोज यायला लागला. रोज म्हणजे ताप असो, लग्न असो, दिवाळी असो. अशा कामात चेहरा जितका साधा तितका चित्रकार जास्त टिकतो. चिंटूचा चेहरा साधा का, हे विद्यार्थ्याला सांगून कळत नाही. त्याने आपलं एक पात्र घ्यावं आणि सलग महिनाभर रोज चार चौकटी काढून बघाव्यात. पहिल्या आठवड्यात कुरळे केस सरळ होतात, दुसऱ्यात शर्टावरची नक्षी जाते, तिसऱ्यात बोटं पाचाची चार होतात. जे उरतं ते पात्र.

एकाचं पात्र दुसऱ्याच्या हातात जातं तेव्हा तर हा अभ्यास पोटापाण्याचाच होतो. ‘अमर चित्र कथे’तल्या ‘कृष्ण’ची चित्रं काढणारे राम वाईरकर १९८३मध्ये ‘टिंकल’साठी सुप्पंडी काढू लागले. तमिळ मुलखातल्या लोककथांवर बेतलेला हा भोळा नोकर. लांबट डोकं, काटकुळं अंग, जगावर पूर्ण विश्वास. वाईरकरांनंतर तो त्यांची मुलगी अर्चना अंबेरकर काढू लागली. वाचकाने दोन अंक शेजारी ठेवले तरी सुप्पंडी तोच वाटला पाहिजे, ही त्या कामाची अट. तिथे ‘मला बाबांची रेषा आवडते’ एवढ्याने भागत नाही. डोक्याचा उतार कुठून सुरू होतो, धावताना कोपर किती मागे जातं, आणि सुप्पंडी चुकतो तेव्हा त्याला चूक कळलेली नसते हे भुवयांत कसं दिसतं, हे सगळं हाताला पाठ लागतं. आज एआयला ‘अमक्याच्या शैलीत काढ’ म्हटलं की नाक येतं, ठिपके येतात. भुवईमागचं कारण येत नाही, त्यामुळे दुसऱ्या चौकटीत दुसराच माणूस उभा राहतो.

पात्र कंपनीचं की चित्रकाराचं, हे वर्गात फारसं शिकवत नाहीत आणि पहिल्या नोकरीत ते नेमकं नडतं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात शैलीला संरक्षण नाही. मारिओंसारखी नाकं काढायला कुणाची परवानगी लागत नाही. मारिओंचं चित्र जसंच्या तसं टी-शर्टवर छापायला लागते, कारण चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. पगारी नोकरीत काढलेल्या चित्राचा पहिला मालक सहसा मालकच असतो, म्हणजे तुम्ही घडवलेलं पात्र तुम्ही नोकरी सोडलीत तरी स्टुडिओतच राहतं. पण वृत्तपत्रांसाठी आणि नियतकालिकांसाठी याच कायद्याच्या १७व्या कलमात एक वेगळी सोय आहे. तिथे पगारी चित्रकाराचं चित्र छापण्याचा हक्क वृत्तपत्राचा, आणि बाकीच्या सगळ्या वापरांसाठी पहिला मालक चित्रकार. अर्थात, करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर. पुस्तक, कॅलेंडर, चहाचा मग, भिंतीवरची चौकट हे सगळं त्या ‘बाकीच्या’त येतं.

तेव्हा चित्रकाराच्या अभ्यासाची वही भरताना प्रत्येक चित्राखाली वर्ष लिहावं, कुठे आणि किती मोठं छापलं ते लिहावं, कसल्या कागदावर ते लिहावं, आणि शक्य असेल तिथे तो तेव्हा पगारी होता की सुट्या कामावर तेही. मारिओंची जाहिरात कंपनीतली वर्षं, फडणीसांचं दोरीवरचं मुखपृष्ठ, सरवट्यांचं सिमेंट, ही माहिती त्या रकान्यात पडली की रेषा का बदलली ते शेजारच्या चित्रात दिसू लागतं. स्वतःचं पहिलं काम येईल तेव्हा याच वहीच्या पुढच्या पानावर तेच रकाने आखावेत. कराराचा कागद वाचून झाल्याशिवाय शेवटचा रकाना भरू नये.